वॉट मोजून काय होणार?

'हॉल मोठा असेल तर जास्त वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या' हा स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर निवडीवरच्या लेखातला सल्ला अर्धवट आहे. स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वॉटला तो किती मोठा आवाज देतो याचा, साधा उल्लेखही नाही! १ वॉटला १ मीटरवर ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्याइतकाच आवाज काढायला चौपट वॉट लागतात. एकाला ५० पुरतात तिथे दुसऱ्याला २००. एवढे वॉट त्याच्या चिमुकल्या वूफरला (खर्जाचा आवाज काढणाऱ्या भागाला) सोसणार आहेत का, हे कोण बघणार?

आमच्या गावच्या घरात ओटी आणि माजघर एक करून लांबलचक हॉल केलाय. छत उंच, खाली गुळगुळीत टाइल्स. तिथे ५ इंची वूफरच्या शेल्फवरच्या स्पीकरवर तबल्याची चाट खणखणीत यायची, डग्ग्याचा घुमारा मात्र गायब. आवाज चढवला की वूफर धापा टाकायचा. ८ इंची दोन-दोन वूफरचे उभे स्पीकर आणले तेव्हा कुठे डग्गा अंगावर यायला लागला. तरी टाळी वाजवली की हॉल घुमायचाच. त्याला उपाय जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, त्यांना सतरंज्या थोड्याच विकायच्या असतात!