कारण सांगितले तर माणूस ऐकतो

मागच्या शनिवारी आणि रविवारी आम्ही सात जण गोराईच्या वॉटर किंग्डममध्ये होतो. सातांपैकी एकाहीबरोबर लहान मूल नव्हते. मोठी माणसे मुलांशिवाय, ऑफिसच्या सहलीशिवाय आणि कुणाच्या वाढदिवसाशिवाय दोन दिवस घसरगुंड्यांवर घालवतात, हे घरी सांगताना दरवर्षी थोडी सारवासारव करावी लागते. यंदा मी ती केली नाही. आम्हाला पाण्याच्या घसरगुंड्यांचा नाद आहे, एवढेच त्याचे कारण. मी पुण्यात औद्योगिक पंप बसवून देण्याचे काम करतो. आमच्यात एक निवृत्त पोहण्याच्या शिक्षिका आहेत, ज्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो. बँकेत काम करणारे एक जोडपे आहे, आणि त्यातल्या वहिनी आजवर केलेल्या प्रत्येक घसरगुंडीची नोंद एका जाड वहीत ठेवतात. उरलेले तिघे तिशीच्या आतले असून आम्हा चौघांपेक्षा लवकर दमतात.

बोरिवलीच्या बाजूने गोराई खाडीच्या धक्क्यावरून बोटीने निघाले की दोन्ही काठांना खारफुटी दिसते आणि थोड्याच वेळात विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी कळस वर येतो. हा पॅगोडा 2009 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुला झाला. त्याच्या शेजारी 1989 पासून एस्सेल वर्ल्ड होते आणि 1998 मध्ये त्याला जोडून वॉटर किंग्डम आले. एकाच बेटावर एका कुंपणाच्या आत माणसे मौन पाळून डोळे मिटून बसतात आणि दुसऱ्या कुंपणाच्या आत डोळे मिटून किंचाळत खाली येतात, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी नव्याने मजेशीर वाटते.

आता मुद्द्याकडे येतो. गेली आठ-दहा वर्षे मी जिथे जिथे अशा पार्कांत गेलो आहे, तिथे तिथे नियमांचे फलक पाहिले आहेत. सुती कपडे चालणार नाहीत. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या. हात छातीवर आणि पाय घोट्यांशी एकमेकांवर ठेवा. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. यातला प्रत्येक नियम योग्य आहे आणि त्यांपैकी काहींमागे तर जिवावर बेतलेल्या अपघातांचा अनुभव आहे. पण नियमाखाली त्याचे कारण लिहिलेले मी क्वचितच पाहिले. कारण न सांगितलेला नियम आपल्याकडे माणसाला अडवणूक वाटतो, आणि अडवणूक वाटली की ती चुकवण्यात माणसाला चतुराई वाटू लागते.

माझे पोहणे गावच्या विहिरीत झाले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. शिकवणारे काका कडक होते, पण त्यांची सूचना कधी अर्धी नसे. “धावेच्या बाजूने उडी मारायची नाही, खाली कपारीचा खडक पुढे आलेला आहे.” हे एकच वाक्य होते; त्यात नियम होता आणि कारणही होते. त्या बाजूने आमच्यापैकी एकानेही कधी उडी मारली नाही. काकांना पहाऱ्याला बसावे लागले नाही. तो खडक आम्हाला दिसत नव्हता, पण तो आहे हे माहीत होते, आणि तेवढे पुरत असे.

सुती कपड्यांचे घ्या. गेल्या वर्षी दुसऱ्याच एका पार्कमध्ये, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, एक बाई अर्धा तास रांगेत उभ्या राहून वरच्या मजल्यावर पोचल्या आणि तिथल्या मुलाने त्यांना “कॉटन अलाउड नाही” एवढेच सांगून परत पाठवले. त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता आणि सलवार होती. त्यांचा समज असा झाला, आणि तो मला अगदी स्वाभाविक वाटतो, की अंगभर कपडे घातले म्हणून आपल्याला हिणवले गेले. खरे कारण वेगळेच आहे. सुती कापड पाणी धरून जड होते आणि घसरगुंडीला चिकटते, त्यामुळे माणूस मध्येच रेंगाळतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळू शकतो. त्याचे तंतू सुटून गाळणीत जातात, आणि पंपाच्या तोंडाशी असा लगदा साचला की काय होते हे मी व्यवसायानेच जाणतो. जीन्सची धातूची बटणे आणि चेन तर त्याहून वाईट. फायबर ग्लासच्या घसरगुंडीवर जो गुळगुळीत थर असतो त्यावर त्यांचे ओरखडे पडतात, आणि आज पडलेला ओरखडा उद्या दुसऱ्याच्या पाठीला लागतो. अंगभर नायलॉनचा पोशाख घातला तर यातले काहीच होत नाही. म्हणजे प्रश्न कापड किती आहे याचा नसून कापड कोणते आहे याचा आहे. हे एवढे वाक्य तिकिटाच्या खिडकीवर लिहिले असते तर त्या बाईंचा दिवस वाया गेला नसता.

शॉवरचे तर आणखी गमतीचे आहे. पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी छान स्वच्छ आहे, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे. डोळ्यांना झोंबणारा तो वास बहुतांशी क्लोरामाइनचा असतो, आणि क्लोरीनची घामाशी व लघवीशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होते. जितके लोक न धुता उतरतात तितके क्लोरीन या कामी खर्ची पडते आणि जंतू मारायला कमी उरते. दोन मिनिटांचा शॉवर आपल्यासाठी नसून तलावासाठी असतो. ताई पोहण्याच्या वर्गात मुलांना हे स्वच्छ शब्दांत सांगत असत: “वास येतोय तो औषधाचा नाही, तुमचा आहे.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या आठवड्यापासून शॉवरखाली रांग लागे.

उंच, जवळजवळ सरळ उभ्या घसरगुंडीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिच्याच जिन्यावर जातो. पंधरा मीटर उंचीवरून घर्षण अजिबात नसताना माणूस खाली आला, तर तळाशी त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या थोडा वर जाईल. प्रत्यक्षात पाण्याचा पातळ पापुद्रा, कपडे आणि हवा मिळून तो बराच कमी करतात, तरी जे उरते ते शहरातल्या रस्त्यावरच्या स्कूटरइतके असू शकते, आणि तेही उघड्या अंगाने. खालच्या आडव्या पन्हाळीत साठवलेले पाणी हाच तिथला ब्रेक. त्या वेगाने पाण्याच्या भिंतीत शिरताना पाय फाकलेले असले तर पाणी शरीरात जोराने घुसून आतल्या नाजूक भागांना गंभीर इजा होऊ शकते. पाय घोट्यांशी एकमेकांवर ठेवायचे ते यासाठी, आणि हात छातीवर घ्यायचे ते कोपर कडेवर आपटू नये म्हणून. हे जाहीरपणे बोलायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण संकोचापायी आपण “पाय क्रॉस करा” एवढेच ओरडतो, आणि वरचा तरुण मित्रांकडे पाहून हसतो व अर्ध्या वाटेत पाय सोडतो.

वजनदार माणूस जास्त वेगाने खाली येतो, ही माझ्यासारख्या नव्वद किलोच्या माणसाला आयुष्यात मिळालेली मोजकी सवलत आहे. वजन वाढते त्या प्रमाणात हवेचा आणि पाण्याचा विरोध वाढत नाही, म्हणून तसे होते. हिरव्या दिव्याचे कारणही यातच दडलेले आहे. पुढे शिडशिडीत मुलगी आणि लगेच मागे मी असा क्रम लागला, तर बंद नळीतल्या एखाद्या वळणावर मी तिला गाठणार, आणि तिथे आम्ही कुणालाच दिसणार नाही.

तराफ्यावर बसण्याआधी वजनकाट्यावर उभे करतात, त्यावर रांगेत हमखास विनोद होतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत 2014 मध्ये व्हेरुक्ट नावाची 51 मीटरची घसरगुंडी सुरू झाली आणि ती त्या वेळी जगातील सर्वांत उंच मानली गेली. तिघांच्या तराफ्याचे एकूण वजन तिथे पौंडांत ठरवून दिलेले होते. ऑगस्ट 2016 मध्ये दुसऱ्या चढावर तराफा हवेत उचलला गेला आणि दहा वर्षांचा एक मुलगा प्राणाला मुकला. त्या तराफ्यावर पुढे आणि मागे वजनाचा मोठा फरक होता, आणि घसरगुंडीच्या आखणीवरही पुढे कठोर टीका झाली. 2018 मध्ये ती पाडून टाकण्यात आली. मी ही हकिकत जिन्यावर मुद्दाम सांगत नाही, कारण लोकांची मजा घालवण्यात मला रस नाही. पण काट्यावर हसणाऱ्या एखाद्याने विचारले तर सांगतो. मग तो हसत नाही आणि काट्यावर नीट उभा राहतो.

वॉटर किंग्डममधला वेटलांटिक नावाचा लाटांचा तलाव हा आमच्या ताईंचा मुलूख आहे. कृत्रिम लाटांची हौस जुनी आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने 1870 च्या दशकात आपल्या लिंडरहॉफच्या कृत्रिम गुहेतील तळ्यावर यंत्राने लाटा उठवल्या होत्या. आजच्या बऱ्याचशा तलावांत खोल टोकाच्या भिंतीमागे कप्पे असतात. मोठे पंखे त्यांत हवा कोंबतात, त्या दाबाने पाणी पुढे ढकलले जाते, मग झडप उघडून हवा सुटते आणि हे पुन्हा पुन्हा ठरलेल्या तालावर होते. तळ किनाऱ्याकडे चढत गेल्यामुळे लाट उथळात येऊन फुटते. ताईंचे लक्ष मात्र लाटेकडे कधीच नसते, ते माणसांकडे असते. आपल्या लोकांना लाटेत हात धरून साखळी करायला फार आवडते. ताईंना ती साखळी पाहवत नाही. साखळीतल्या एकाचा पाय सुटला की त्याला दोन्ही बाजूंचे ओढून धरतात, त्याला हात मारता येत नाहीत, आणि पुढची लाट तोंडावर येते. शिवाय बुडणारा माणूस हाका मारत नाही, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याला श्वास घेणे जमत नाही त्याला ओरडणेही जमत नाही. तो उभ्या स्थितीत हात पाण्यावर दाबत राहतो आणि मिनिटभराच्या आत खाली जातो. आजूबाजूच्या गर्दीला तो नाचत असल्यासारखा दिसतो, त्यातून शेजारी डीजे लागलेला असेल तर विचारायलाच नको.

म्हणून तलावाच्या कडेच्या उंच खुर्चीवर बसलेल्या मुलाबद्दल मला अतिशय आदर आहे. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात जगभर एक मोजमाप शिकवले जाते: आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरवायची आणि कुणी अडचणीत दिसले तर वीस सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायचे. हे भर उन्हात, शिट्टीकडे दुर्लक्ष करणाऱ्या शेकडो लोकांसमोर करायचे असते. त्याच्याशी गप्पा मारू नका किंवा त्याला आपला फोटो काढायला सांगू नका, असे आम्ही आमच्या नव्या मंडळींना सांगतो, आणि सांगताना दहा व वीस हे दोन आकडेही सांगतो. आकडे ऐकल्यावर कुणी त्याच्या खुर्चीपाशी जात नाही.

पाण्याच्या नासाडीचा आक्षेप प्रत्येक उन्हाळ्यात येतो आणि दुष्काळी भागातल्या माणसाने तो घेतला तर त्यात काही गैर नाही. घसरगुंडीवरून वाहणारे पाणी गाळून तेच पुन्हा वर चढवले जाते. घट होते ती बाष्पीभवनाने, बाहेर उडणाऱ्या पाण्याने आणि गाळण्यांतून उलट दिशेने पाणी सोडून त्या धुताना. ही घट रोज किती होते, याचा आकडा प्रवेशद्वारावर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडा मोठा असेल तर प्रश्न विचारले जातील आणि ते विचारले गेलेच पाहिजेत.

रविवारी दुपारी जिन्यावर माझ्या पुढे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आणि त्याचे वडील होते. मुलाने विचारले, “पाय असे का ठेवायचे?” वडील म्हणाले, “सांगितलंय म्हणून.” मी न राहवून सौम्य शब्दांत, मुलाला कळेल इतपत कारण सांगितले. वडिलांना ते आवडले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही. मुलाची पाळी आली तेव्हा त्याने घोटे इतके घट्ट आवळले की वरचा कर्मचारी त्याला “सैल सोड थोडं” म्हणाला. त्याच्यानंतर उतरलेल्या वडिलांचेही पाय शेवटपर्यंत जागच्या जागी होते. मी वरून पाहत होतो.

परतीच्या बोटीत वहिनींची वही भिजलेली निघाली आणि शनिवारच्या सगळ्या नोंदी पसरल्या, त्यामुळे गोराईला पुन्हा जाणे भाग आहे. त्याआधी पावसाळा संपल्यावर खोपोलीला जाण्याचे घाटत आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी खाली कळवावे. वयाची अट नाही, मुले आणण्याची अट तर मुळीच नाही. बटणाची चड्डी आणि सुती बनियन मात्र घरी ठेवावे. का ते वर लिहिले आहे.