बाबांची स्टेपनी

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंदी बोलणारा माणूस. "आप उसकी मौसी हैं ना?" इथून सुरुवात केली आणि पुढे माझ्या भाच्याबद्दल जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. चोर हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. माझ्यानंतर त्याने ताईला फोन केला, मग ताईच्या नणंदेला, मग भाच्याच्या एका सरांना. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या गोतावळ्याला कळलं होतं की पोराने मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपवरून चार हजारांचं कर्ज काढलंय.

त्या माणसाचा राग आलाच. पण तो परका. जास्त राग आला तो संध्याकाळी, घरच्या ग्रुपवर जे चाललं होतं ते बसमध्ये वाचताना. "आजकालच्या पोरांना पैशाची किंमत नाही." "रोज शवर्मा खाल्ला की दुसरं काय होणार?" "त्याला कुणीतरी बजेट करायला शिकवा." एका काकांनी व्हिडिओसुद्धा टाकला: पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. त्यावर अकरा जणांनी अंगठे दिले. पोराने ते चार हजार घेतले कशासाठी, हे त्या अकरा जणांपैकी एकानेही विचारलं नाही.

मी विचारलं होतं. तो इथे गोव्यातच फोंड्याला शिकतो, तिघांबरोबर रूम घेऊन राहतो. गेल्या आठवड्यातल्या पावसात बॅग भिजली, लॅपटॉपमध्ये पाणी गेलं. दुरुस्तीवाल्याने ३८०० सांगितले आणि सबमिशन पाच दिवसांवर. ॲपने ४००० मंजूर केले, खात्यात आले २६००. बाकीचे फी म्हणून आधीच कापून घेतले, आणि सात दिवसांत भरायचे मात्र पूर्ण ४०००. कमी पडलेले १२०० त्याने रूममधल्या मुलाकडून उसने घेतले. यात शवर्मा कुठे आला?

"घरी का नाही मागितलेस?" असं विचारल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, बाबांची टॅक्सी जूनपासून जवळजवळ उभीच आहे. त्यात चवथ तीन आठवड्यांवर आली. कसं मागू?" चवथ म्हणजे आमच्याकडची गणेशचतुर्थी.

मला तिथेच माझ्या बाबांची स्टेपनी आठवली.

आमच्या घरातल्यांनाही ही गोष्ट नीट ठाऊक नाही, म्हणून लिहिते. २०१२ साल. मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, साखळी गावाहून रोज कदंबा बसने पणजीला जायचे. बाबांचा खनिजाचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. दिवसाला चार-चार खेपा मारणारा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. बँकेचा हप्ता काही थांबला नाही. पेपरात रोज खाणींच्याच बातम्या, मी त्या वाचत होते, वर्गात त्यावर बोलतही होते. पण आपल्या घरात महिन्याला किती येतं, किती जातं, हप्ता कितीचा, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात कॉलेजची म्हैसूरची सहल निघाली. ३५०० रुपये. मी बाबांना सांगितलं. ते पडवीत बसले होते. म्हणाले, "आसा गो बाय, दितां." आहेत गं बाय, देतो. दोन दिवसांनी दिलेही. शंभराच्या नोटा, रबर लावून, ग्रीसचा वास येणाऱ्या. त्याच दिवशी अंगणातून जाताना ट्रकाखाली स्टेपनी टांगायची साखळी नुसतीच लोंबताना दिसली. पंक्चर काढायला दिली असेल, असं वाटलं आणि मी पुढे गेले. उभ्या ट्रकाची स्टेपनी पंक्चर कशी होईल, हा प्रश्न मला पडला नाही. वीस वर्षांची होते मी, लहान नव्हते.

म्हैसूरहून मी बाबांना ट्रकाच्या चावीसाठी चंदनाची कीचेन आणली.

ती स्टेपनी बाबांनी एका गॅरेजवाल्याला विकली होती, हे दीड वर्षाने आईकडून कळलं. तेही भांडणात, बोलता बोलता तोंडून निघून गेलं म्हणून. आजही ती सहल आठवली की मला चामुंडीची टेकडी आठवत नाही, ती साखळी आठवते. मला सांगितलं असतं तर मी गेले नसते. रडले असते थोडी, पण गेले नसते. एवढी अक्कल होती मला. बाबांनी ती आहे असं धरलंच नाही.

आता त्या पन्नास-तीस-वीसबद्दल. तो नियम अमेरिकेतल्या, महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या घरांसाठी झाला. पहिल्या तारखेला पगार जमा होतो, त्याचे तीन भाग करा, ठीक आहे. गोव्यातल्या अर्ध्या घरांत पहिली तारीख असते का? टॅक्सीवाल्याचा पैसा पर्यटक येतात तेव्हा, ऑक्टोबर ते मे. किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीतलं हॉटेल, चालवणाऱ्याचंही तेच, पावसाआधी शॅक मोडून ठेवायचा. ट्रॉलरवर जाणाऱ्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. आणि कॉलेजची फी कधी? जून-जुलैत. रूमचं डिपॉझिट, पुस्तकं, छत्री, रेनकोट, सगळं तेव्हाच. ते जरा निस्तरतं न निस्तरतं तोच चवथ. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्यांचं म्हणजे करंज्यांचं सामान, घराला रंग, पाहुणे. म्हणजे घरात पैसा सगळ्यात कमी तेव्हा खर्च सगळ्यात जास्त. अशा घरातल्या मुलाने तीस टक्के हौस कशाची काढायची? त्याला महिन्याचा हिशेब कामाचा नाही. बारा महिन्यांचा हवा, आणि तो त्याला एकट्याला मांडताच येणार नाही, कारण त्यातले अर्धे आकडे बापाच्या डोक्यात आहेत आणि बाप म्हणतो, "आसा."

ऑफिस सुटल्यावर मी सरळ फोंड्याची बस पकडली. रूमवर दोरीला न वाळलेले कपडे, कोपऱ्यात एक शेगडी, जमिनीवर चार गाद्या. पोराचा चेहरा इतकासा झाला होता. मी काही बोलायच्या आधीच त्याने जर्नल काढून शेवटचं पान उघडून दाखवलं. बस ३०. झेरॉक्स १८. रस-आमलेट ७०. भाजी-पाव ४०. रूमभाडं, खाणावळ, रिचार्ज. जूनपासूनचा रोजचा हिशेब, पेन्सिलने, पैन् पैचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला बजेट शिकवायला सगळा ग्रुप निघाला होता, त्याच्याएवढा हिशेब त्या ग्रुपात कुणी ठेवत नसेल. मी तर नाहीच ठेवत.

बरं, त्याची चूक नाही असं नाही. जूनमध्ये १९०० चे बूट घेतलेत, तेही त्याच पानावर आहेत, ते नसते घेतले तर चाललं असतं. आणि ॲप टाकताना कॉन्टॅक्ट बघायची परवानगी न वाचता दिली, ती चूक मोठी. काका म्हणतात तसं काही पोरं खरंच उधळी असतात, मान्य. हा तसला नाही.

जे वाचताय त्यांच्या घरात कॉलेजची मुलं असतील तर हे तेवढं त्यांना सांगा. कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. कर्ज घ्यायच्या आधी एकूण किती कापणार, किती भरायचं, हे लेखी द्यावंच लागतं. कुठली ॲपं नोंदणीकृत बँकांची, वित्तसंस्थांची आहेत त्याची यादी आता रिझर्व्ह बँकेच्या साईटवर मिळते. आमच्या पोराने घेतलेलं तिथे नाही, मी पाहिलं. नातेवाइकांना फोन करून शिव्या देणं ही वसुली नव्हे. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवले. पोराचा हात थरथरत होता, पण स्वतः बोलला.

फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या रकमेला कुठेतरी दार असतं. लॅपटॉपमध्ये पाणी गेलं, ३८०० हवेत, परवापर्यंत हवेत, याला घराशिवाय दार नाही. ते दार आपणच लाजेने बंद करून ठेवतो. बाप मुलाला सांगत नाही, कारण पोराला टेन्शन नको. मुलगा बापाला सांगत नाही, कारण बाबांना टेन्शन नको. आणि मधल्या मध्ये कुणीतरी तिसराच माणूस आपल्या नणंदेला फोन करतो. हे लिहिताना परत राग येतोय मला. बाबांचासुद्धा येतोय, आणि ते आता नाहीत म्हणून तो काढायला जागा नाही.

काकांना मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. इथे वाचतील. काका, रागावू नका, पण तो व्हिडिओ पोराला पाठवायच्या आधी एक फोन करायचा होता.

साडेआठला भावोजींना फोन लावला, स्पीकरवर. पोरगा माझ्या शेजारी गादीवर, मांडीवर जर्नल. मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, ॲप, २६००, उसने १२००. पलीकडे पावसाचा आवाज येत होता. रागावतील असं पोराला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आसा रे, पळयतां हांव. तू अभ्यास कर." आहेत रे, बघतो मी.

मी म्हटलं, "भावोजी, आसा म्हणू नका. घरात आज किती आहेत ते त्याला सांगा."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग ते म्हणाले, "अकरा हजार दोनशे. त्यातले सहा गाडीच्या हप्त्याचे."

पोराने नवीन पान उलटलं आणि ते लिहून घेतलं.