ऱ्हाईनचे पाणी सुधारले, वाट मात्र अजून अडलेलीच आहे

नदीचे पाणी स्वच्छ झाले की मासे आपोआप परततील, असे आपण सहज धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो. युरोपातल्या ऱ्हाईन नदीची गेल्या चाळीस वर्षांची हकीकत वाचल्यावर माझे मत बदलले.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत उतरली, पाणी लाल झाले आणि खाली सुमारे ४०० किलोमीटरपर्यंतचे ईल मासे जवळजवळ संपले. त्या धक्क्यानंतर नदीकाठच्या देशांनी १९८७ मध्ये जो कृती कार्यक्रम आखला, त्यात २००० सालापर्यंत सॅल्मन, म्हणजे समुद्रात वाढून विणीसाठी नदीत वर चढणारा मासा, नदीत परत आला पाहिजे, असे उद्दिष्ट होते. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. प्रयोगशाळेतला नमुना एका जागेचे आणि एका दिवसाचे पाणी सांगतो. सॅल्मनला मात्र समुद्रापासून वरच्या ओढ्यापर्यंतची सगळी नदी धडधाकट लागते.

ती किती धडधाकट लागते, हे त्याची वीण पाहिली की कळते. मादी एका कुशीवर आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि थोडी वर सरकून पुन्हा फटकारे मारते, म्हणजे तिथली सुटलेली खडी प्रवाहाबरोबर येऊन अंड्यांवर बसते. हिवाळाभर ती अंडी खडीच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. बंधाऱ्यामागे पाणी तुंबले की गाळ बसून या फटी बुजतात, आणि वरचे पाणी नितळ दिसत असतानाच खाली अंडी गुदमरतात.

१९९० मध्ये ऱ्हाईनला मिळणाऱ्या झीग नदीत सॅल्मन पुन्हा दिसला. मुख्य नदीवर वीजकेंद्रांचे बांध ओलांडून माशांना वर जाता यावे म्हणून मत्स्यमार्ग, म्हणजे पाण्याच्या वेगळ्या वाटा, बांधले गेले: इफेत्सहाइमला २००० साली, गाम्सहाइमला २००६ साली, स्ट्रासबुर्गला २०१६ साली आणि गेर्स्टहाइमला २०१९ साली. हे काम मोठे आहे यात शंका नाही. पण २०२० पर्यंत बाझेलपर्यंतची वाट खुली करण्याचे ठरले होते आणि ती मुदत टळून गेली. शिवाय नुसता मार्ग बांधून भागत नाही. वर जाणारा मासा जोराच्या प्रवाहाकडे ओढला जातो, आणि वीजकेंद्राखाली सर्वांत जोराचा प्रवाह टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. त्यामुळे मत्स्यमार्गाचे तोंड चुकीच्या जागी असेल किंवा तिथून पुरेसे पाणी सोडलेले नसेल, तर मासा तिथेच घुटमळत राहतो.

माझी खरी तक्रार पुढची आहे. वर जाणारा मोठा मासा सर्वांना दिसतो, त्याची छायाचित्रे निघतात. खाली समुद्राकडे निघालेल्या बोटभर पिल्लांचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. केम्स ते इफेत्सहाइम या टप्प्यात दहा वीजकेंद्रे आहेत. प्रत्येक ठिकाणी शंभरातली पाचच पिल्ले दगावली असे नुसते मानले, तरी दहाव्या केंद्राखाली साधारण साठच उरतात. बारीक जाळ्या आणि पिल्लांना टर्बाइन टाळून खाली नेणारी वेगळी वाट यांचा खर्च वीज तयार करणाऱ्यांनीच उचलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत्स्यबीज सोडून ही उणीव भरून निघत नाही. लंडनच्या टेम्स नदीत १९७४ साली एका वीजकेंद्राच्या जाळीत सॅल्मन सापडला, तेव्हा केवढा आनंद झाला होता! पुढे कित्येक वर्षे तिथे पिल्ले सोडली गेली. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून दिसले, की तिथे येणारे मासे सोडलेल्या पिल्लांचे वंशज नसून मुख्यतः इंग्लंडमधल्या दुसऱ्या नद्यांतून भरकटत आलेले होते.

ऱ्हाईनच्या मुखाशी नेदरलँड्समध्ये हारिंगफ्लिटचा बांध आहे. १९७० मध्ये त्याने समुद्र आणि नदी यांची ताटातूट केली. २०१८ पासून त्याचे दरवाजे भरतीच्या वेळीही थोडे उघडे ठेवतात, पण खारे पाणी आत फार शिरू नये म्हणून, नदीला पुरेसे पाणी असेल तेव्हाच. नदी आटलेली असते त्या दिवसांत समुद्रातून आलेला मासा आजही या बंद दरवाजांशी अडतो.