मावशीच्या आरशावरच्या टिकल्या

आज दुपारी इथे न्यू जर्सीत, एडिसनला एकांकडे जेवायला गेलो होतो. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. जेवता जेवता एक गृहस्थ म्हणाले, "आता पुरे झालं. अमेरिकेने दार लावून घ्यायला हवं. हल्ली कोणीही उठतं आणि येतं." वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या एच-वन व्हिसावर आलेला माणूस हे बोलतोय! आणि चार जणांनी माना डोलावल्या. घास घशाखाली उतरेना.

मला मावशी आठवली. १९९३ साली मी पहिल्यांदा या देशात आले ती तिच्याच घरी, जर्सी सिटीत. बाथरूमच्या आरशावर टिकल्यांची रांग होती. त्यात नवल काय, आपल्याकडे घरोघरी असते. ती रांग १९८७ पासूनची, हे मला खूप नंतर कळलं. त्या वर्षी 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने तिथल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना शहरातून हुसकावून लावण्याची धमकी दिली होती. डॉट म्हणजे आपलं कुंकू! शेजारच्या होबोकेनमध्ये तर एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. तेव्हापासून मावशी कामाला निघताना टिकली काढून आरशाला लावायची आणि घरी आल्यावर पुन्हा कपाळाला.

"दार लावा" हे इथे कितव्यांदा म्हटलं जातंय! १८४४ साली फिलाडेल्फियात कॅथलिक चर्च जाळली गेली. आयरिश लोक पोपचं ऐकणार, लोकशाही बुडवणार, अशी आवई होती. लगेच पुढे आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडालं, उपाशी माणसं बोटी भरभरून आली आणि त्यांच्याविरुद्ध चक्क एक पक्ष उभा राहिला. बरं, मग हे आयरिश तरी शहाणे झाले का? १८७७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत "चिनी गेलेच पाहिजेत" म्हणत सभा गाजवणारा डेनिस कर्नी स्वतः आयर्लंडच्या कॉर्कचा! ज्या चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे आणली, त्यांनाच १८८२ च्या कायद्याने दार बंद झालं. कामगारांचे मोठे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स, लंडनमध्ये जन्मलेले, तेही त्याच बाजूला.

मान्य, कामगारांची भीती अगदीच खोटी नव्हती. १८७० साली मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थ ॲडम्सच्या बुटांच्या कारखान्यात संप मोडायला मालकाने चिनी मजूर आणलेच होते. पण मग भांडा ना मालकाशी! आणि मावशीची टिकली कोणाचा पगार खात होती?

सगळ्यात जास्त चीड मला आपल्याच लोकांची येते. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं, पण तेव्हाच्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी ते फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळायचं. त्यांच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं? की हे उच्चवर्णीय आहेत, आर्य आहेत, आणि तुम्ही काळ्या लोकांकडे ज्या नजरेने बघता त्याच नजरेने हेही त्यांच्या देशातल्या मूळ रहिवाशांकडे बघतात. जात घेऊन गेलो हो आपण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात! उपयोग शून्य. १९२३ साली निकाल विरुद्ध गेला आणि आधी ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेतलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड इंग्लंडमध्ये जन्मलेले, तान्हेपणी आईबापांबरोबर इकडे आलेले.

१९४६ साली आपल्याला वर्षाला १०० जागा दिल्या. अख्ख्या भारताला शंभर! दार नीट उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. मावशी त्याच दारातून आली, मी आले, आजचे ते गृहस्थही त्यातूनच आले.

लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. ते गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर त्यांच्याच घरून डबा येत होता, ते मी विसरणार नाही. म्हणूनच जास्त लागलं. परक्याने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं.

संध्याकाळी मावशीला फोन केला. आता ऐंशीला आलीये. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तू काय म्हणालीस त्यांना?"

मी काहीच म्हणाले नव्हते. पान पुढे ओढून पोळीवर तूप वाढून घेतलं होतं.

म्हणून आत्ता रात्री साडेअकराला हे लिहितेय. ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचतील.