‘उजेड पडला की बोगदा उघडतो’ म्हणे! मग पंप कशाला हवा?

घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलेला मेसेज असा: ‘जांभळ्या बॅक्टेरियातलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन प्रकाश पडताच आरपार उघडतं, प्रोटॉन वाहतात, वीज तयार होते. तेच प्रथिन आपल्या डोळ्यांत असतं. रोज दहा मिनिटं सूर्याकडे पाहा, ऊर्जा मिळेल.’ त्याखाली मामांनी ‘उद्यापासून सुरू’ असं लिहिलं, म्हणून हे उत्तर.

आधी डोळे. मामा, उद्यापासून काहीही सुरू करू नका. डोळ्यातलं प्रथिन ऱ्होडॉप्सिन, ते वेगळं. दोन्ही प्रथिनांत सात हेलिक्स (मळसूत्री गुंडाळ्या) आणि मध्ये रेटिनल हा प्रकाश शोषणारा रेणू असतो, एवढंच साम्य. प्रकाशाने डोळ्यातलं रेटिनल वाकड्या ११-सिस आकाराचं सरळ ऑल-ट्रान्स होतं, त्यातून ट्रान्सड्युसिन हे संदेश पुढे नेणारं प्रथिन जागं होतं आणि मेंदूकडे संदेश जातो. प्रोटॉन पंप होत नाही, ऊर्जा साठत नाही. सूर्याकडे टक लावली तर दृष्टिपटलाला इजा होते, आणि तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नसल्यामुळे ती होताना समजतही नाही.

आता तो ‘आरपार बोगदा’. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हा पेशीच्या पटलात बसलेला, प्रोटॉन बाहेर टाकणारा पंप आहे. पंपाचं काम प्रोटॉन कमी गर्दीकडून जास्त गर्दीकडे ढकलायचं. दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडली तर बाहेर टाकलेले प्रोटॉन त्याच वाटेने आत परततील. म्हणजे मेसेज ज्याला पंपाची करामत म्हणतो, तो पंप बिघडल्याचं लक्षण आहे.

खरं घडतं ते असं. रेटिनल लायसिन-२१६ ला (साखळीतलं २१६ वं अमिनो आम्ल; पुढचे आकडेही असेच) शिफ बेस नावाच्या नायट्रोजनच्या बंधाने जोडलेलं असतं आणि त्या बेसवर एक प्रोटॉन असतो. फोटॉन शोषल्यावर साधारण अर्ध्या पिकोसेकंदात ऑल-ट्रान्सचं १३-सिस होतं. पण भोवतीची जागा इतकी घट्ट, की रेटिनल पिळलेलंच राहतं. पुढे पन्नासेक मायक्रोसेकंदांत बेसवरचा प्रोटॉन अ‍ॅस्पार्टेट-८५ कडे जातो आणि जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. ४१२ नॅनोमीटरचा प्रकाश शोषणाऱ्या या टप्प्याला एम अवस्था म्हणतात. त्याच सुमारास बाहेरच्या तोंडाशी, ग्लुटामेट-१९४ आणि २०४ च्या जोडीजवळून, एक प्रोटॉन सुटतो. हा बेसवरचा प्रोटॉन नव्हे, वेगळाच! ‘वाहतात’ हा शब्द इथेच कोसळतो. मग बेसचं तोंड आतल्या बाजूकडे वळतं, अ‍ॅस्पार्टेट-९६ त्याला नवा प्रोटॉन देतं आणि स्वतः पेशीद्रवातून भरून घेतं. सुमारे १० मिलिसेकंदांत गाडी मूळपदावर. ९६ च्या जागी अ‍ॅस्पॅराजिन घातलं की एम अवस्था रेंगाळते. अझाइड हा प्रोटॉन पोचवू शकणारा छोटा आयन टाकला की पुन्हा वेग येतो. बोगदा असता तर एका अमिनो आम्लावर एवढं अडलं नसतं.

पुरावा हवा असेल तर २०१६ चा ‘सायन्स’मधला एरिको नांगो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध काढा. जपानच्या साक्ला एक्स-किरण लेझरवर त्यांनी १६ नॅनोसेकंद ते १.७६ मिलिसेकंद यांमधले १३ क्षण टिपले. आधी रेटिनलजवळची हालचाल, मग ट्रिप्टोफॅन-१८२ वर रेटण्याचा दाब, आणि शेवटी पेशीच्या आतल्या टोकाशी सातांपैकी ई आणि एफ हेलिक्सचं बाजूला सरकणं. आरपार वाट एकाही क्षणी नाही.

‘उघडतं’ हा शब्द अर्धा खरा आहे, तेवढं देतो. एफ हेलिक्सचं आतलं टोक सुमारे ३ अँगस्ट्रॉम, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढं, झुकतं. नांगोंची चित्रं स्फटिकातली, आणि स्फटिकात शेजारचे रेणू ते टोक दाबून धरतात, त्यामुळे तिथे हालचाल कमीच दिसू शकते. पण उघडतं ते फक्त आतलं टोक.

‘बॅक्टेरिया’ म्हणणंही चूक. हे प्रथिन ज्यात असतं ते हॅलोबॅक्टेरियम नावापुरतंच बॅक्टेरियम. ते आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांपासून वेगळ्या एकपेशीय जीवांच्या गटातलं आहे.

राहिली वीज. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी हेच प्रथिन आणि गायीच्या हृदयातलं एटीपी सिंथेस (प्रोटॉनच्या फरकावर एटीपी हे पेशीचं इंधन बनवणारं प्रथिन) एकाच लिपिड-पिशवीत, म्हणजे स्निग्ध पटलाच्या सूक्ष्म पिशवीत, बसवून प्रकाशावर एटीपी बनवलं होतं, हे खरं. पण पिशवी बंद होती. हे प्रथिन ज्यात असतं त्या जांभळ्या पटलाचे सुटे तुकडे पाण्यात टाकून कितीही उजेड पाडा, त्यांना आत-बाहेर नसतंच, मग फरक साठणार कुठे? पिशवीतही रेणू दोन्ही दिशांना सारखेच बसले तर एकाने ढकललेलं दुसरा परत आणतो. आणि अशा पिशव्यांत ते बहुधा उलटेच बसतात, प्रोटॉन बाहेर नव्हे, आत ओढतात.