व्हाइटचॅपलची पाटी

लंडनच्या व्हाइटचॅपल स्टेशनच्या दारावर इंग्रजीसोबत बंगालीतही नाव आहे. मार्च २०२२ मध्ये ही पाटी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या एका खासदाराने, स्टेशनचं नाव फक्त इंग्रजीतच हवं, असं जाहीर केलं आणि माझा संताप झाला. मी बंगाली नाही, मला ती लिपी नीट वाचताही येत नाही. पण दुकानांवर मराठी पाट्या हव्यात म्हणून मुंबईत भांडलेली बाई मी. पाटी हटवा म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं, ते मला कळतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात घरच्या बातम्यांत पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद पेटला होता. २९ जूनला सरकारने शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. मीही टाकला. त्याच जूनमध्ये महाराष्ट्रात बांगलादेशी म्हणून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशात ढकलून दिलं होतं. ते भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं. ती बातमी मी ग्रुपवर टाकली, तर एकाने लिहिलं, ‘बोलण्यावरून कळतंच की.’

काय कळतं? आमचे शेजारी चाचा बांगलादेशातल्या सिल्हेटचे. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते. चाचा पाण्याला ‘फानी’ म्हणतात. ‘ढाक्यात आमच्या बोलीला हसतात,’ हे त्यांनीच मला सांगितलं. कोलकात्याचे हिंदू ‘जल’ म्हणतात आणि मुर्शिदाबादचे मुसलमान ‘पानी’. मुर्शिदाबाद भारतात आहे. सीमा १९४७ साली आखली, भाषा त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडे पसरलेली. तरी २०२५ मध्येच दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात बंगालीचा ‘बांगलादेशी भाषा’ असा उल्लेख झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला ज्या बैठकीत केंद्राने मराठीला अभिजात म्हटलं, त्याच बैठकीत बंगालीलाही म्हटलं होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं.

बेकायदा आलेल्यांना शोधणं हा सरकारचा अधिकार आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. कागद तपासा, गावी चौकशी करा, कोर्टापुढे उभं करा. पण बोली हा पुरावा नव्हे.

२० फेब्रुवारीच्या मध्यरात्री चाचा अल्ताब अली पार्कात जातात. १९७८ साली याच भागात खून झालेल्या बंगाली कामगाराचं नाव त्या बागेला दिलंय. तिथे ढाक्याच्या शहीद मिनारची प्रतिकृती आहे. २१ फेब्रुवारी १९५२ ला बंगाली भाषेसाठी गोळ्या झेललेल्यांची आठवण म्हणून लोक फुलं वाहतात. गेल्या खेपेला मी सोबत गेले. कडाक्याच्या थंडीत चाचांनी बूट काढले, मीही काढले. परतताना त्यांनी विचारलं, ‘तुमच्या मुंबईत पानी म्हटलं की पकडतात का?’ आम्हीही पाणीच म्हणतो, एवढंच मला सुचलं.

२७ फेब्रुवारीला आमच्या मंडळाचा मराठी भाषा गौरव दिन असतो. या वर्षी मी तिथे या मजुरांबद्दल बोलणार आहे. ‘राजकारण नको’ असे दोन निरोप आधीच आलेत. पाट्यांवर आणि हिंदीच्या सक्तीवर आपण त्याच मंचावरून तासन्‌तास बोललो आहोत, असं मी दोघांनाही कळवलंय. चाचांनाही बोलावलंय.