रोज एरंडेल? जरा थांबा

'साठीनंतर रोज रात्री दोन चमचे एरंडेल घ्या, आतडी धुऊन निघतात' असा मेसेज बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आतडी धुवायची नसतातच. एरंडेल आतड्याला डिवचून जुलाब करवतं. रोज घेतलं तर अंगातलं पाणी आणि क्षार जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असताना सत्तरीच्या माणसाला चक्कर यायला तेवढं पुरे.

दुसरं, रोज शौचाला झालंच पाहिजे असंही नाही. दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, त्रास नसेल तर सगळं ठीक.

बद्धकोष्ठाची खरी कारणं साधी असतात. दात नाहीत म्हणून भाकरी-पालेभाजी सुटते, वरणभातावर भागतं. संडास लांब, रात्री कोण उठवणार, म्हणून आजी पाणीच पीत नाहीत (हे कोणी बोलून दाखवत नाही). लोहाच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, बीपीची काही औषधंही पोट बांधतात. डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा, गोळ्या मनाने बंद करू नका.

इसबगोल चालतं, पण पेलाभर पाण्यासोबतच, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकतं. गिळायला त्रास असेल तर नकोच. हृदय-किडनीचा आजार असेल तर पाणी किती, ते डॉक्टरच सांगतील. कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेवा.

शौचातून रक्त, वजन घटणं, सवयीत अचानक बदल, किंवा पोट फुगून उलट्या आणि वारा बंद: इथे घरगुती उपाय नको, लगेच दवाखाना.